पेंग्विन : फक्त प्रौढांसाठी

रविवार दुपार. सहा वर्षांची नात टीव्हीसमोर फतकल मारून बसलेली, मांडीत डाळिंबाच्या दाण्यांची वाटी. पडद्यावर सिंहिणीनं झेब्र्याचा गळा धरला. मी नातीकडे चोरून पाहिलं. ती दाणे खात होती. "तिला भूक लागलीये," तिनंच मला समजावलं. मग कळपात नवा सिंह आला आणि आधीच्या सिंहाचे बछडे मारू लागला. रिमोट शोधायला उठलो तो मी. तोवर तिनं विचारलंच, "आबा, मारलं तर मग खाल्लं का नाही?"

*

म्हणजे पोरांना रक्त खुपत नाही. खुपतं ते भुकेवाचूनचं मारणं.

*

याच प्रश्नानं मोठमोठे अभ्यासकही गांगरले होते. १९६२च्या सुमारास धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं पाहिलं, की वानरांची टोळी बळकावणारा नवा नर अंगावरची पिल्लं मारतो. हे काहीतरी विकृत, दाटीवाटीतून आलेलं, असं बऱ्याच जणांना वाटलं. पुढे अबूच्या वानरांवर काम करणाऱ्या सारा हर्डी यांनी मांडलं, की यात नराचा हिशेब आहे : दूध पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' ही कादंबरी लिहिली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर वयोगट छापावा असं काही कोणाला सुचलं नाही.

*

वयोगटाचा सर्वांत मजेदार नमुना मात्र टीव्हीच्या आधीचा. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले डॉक्टर जॉर्ज लेव्हिक १९११-१२च्या हंगामात केप अडेअरला अ‍ॅडेली पेंग्विनांची वसाहत पाहत होते. नर मेलेल्या माद्यांशी संग करताहेत, पिल्लांनाही सोडत नाहीत, हे पाहून डॉक्टरसाहेब हादरले. वहीतला तेवढा मजकूर त्यांनी ग्रीक लिपीत लिहिला. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती वही पडली तरी कळू नये म्हणून! परतल्यावर १९१५ मध्ये त्यावर छोटा लेख छापला गेला, प्रती फक्त १००, वर शेरा : प्रसिद्धीसाठी नाही. तो लोकांसमोर आला २०१२ मध्ये. पडून राहिलेल्या मादीचा आकार संगाला तयार मादीसारखाच दिसतो आणि अननुभवी नर फसतो, इतकं साधं ते कारण. पण लेव्हिकनं पाहिलेलं जवळजवळ शंभर वर्षं मूठभर लोकांपुरतंच राहिलं.

आणि २००५चा पेंग्विनांवरचा प्रसिद्ध फ्रेंच माहितीपट? अमेरिकेत त्याला 'सर्वांसाठी' असं प्रमाणपत्र. पेंग्विनांची जात वेगळी, एम्परर. पण काय दाखवायचं, ती निवडही वेगळी.

*

शिकारीचं दृश्य बहुतेकदा लांबून टिपलेलं असतं. हाडं मोडल्याचा आवाज बहुतेक वेळा मागाहून स्टुडिओत भरतात. वय ठरवण्याआधी एकदा आवाज बंद करून पाहावं.

*

आपल्याकडे टीव्हीच्या कार्यक्रमांना आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. ओटीटीला २०२१च्या नियमांनी ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या घालून दिल्या. निकषांत हिंसा आहे, भीती आहे, आणि मुलं नक्कल करतील असं वर्तनही आहे. आता नराचं डोकं खाणाऱ्या खंडोबाच्या किड्याची नक्कल कोणी कशी करायची, ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

*

डिस्नेचा 'व्हाइट विल्डरनेस', १९५८. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीनं उड्या घेतात, असं त्यात दाखवलं. खरं तर चित्रीकरण करणाऱ्यांनीच त्यांना ढकललं होतं. माहितीपटाला ऑस्कर मिळालं. यावर कुठला वयोगट लावणार?

*

नेटफ्लिक्सची 'अवर प्लॅनेट' ही मालिका, २०१९. रशियाच्या चुकोतका भागात वॉलरस उंच कड्यावरून गडगडत खाली येतात, दगडांवर आपटतात. अनेक प्रौढ प्रेक्षकांना ते सोसलं नाही. मग नेटफ्लिक्सनं कोणत्या मिनिटाला काय येतं, ते जाहीर केलं. त्रासदायक जागांची यादी, घड्याळाच्या वेळेसकट. मला हेच पटतं. सात, तेरा हे आकडे आमच्या घरी निरुपयोगी. नात सहाची आणि आजोबा सत्तरीचे, रिमोट शोधतात आजोबा. वाहिन्यांनी सुरुवातीला मराठीत एक ओळ टाकावी : 'तेविसाव्या मिनिटाला नवा सिंह बछडे मारतो.' उत्तराची तयारी करायला आम्हांला तेवीस मिनिटं पुरतील.