निफाडच्या ओसरीवर फ्रान्सची चव

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यावरून जाताना आम्हांस नेहमी एक गंमत वाटते. 1930 नंतरच्या काळात महाराज यशवंतराव होळकरांनी तो सजविला, तेव्हा पुष्कळसे सामान पॅरिसहून आले; आणि पुढे त्याच वास्तूत सीमाशुल्क व उत्पादनशुल्काची कचेरी थाटली गेली! सामान्य इंदूरकराचा फ्रान्सशी संबंध एवढाच. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाचा तर तेवढाही नाही. तरी गेल्या जानेवारीत आम्ही दक्षिण फ्रान्सची तांबडी वाइन चाखली, आणि तीही निफाड तालुक्यातील एका ओसरीवर.

आमचे साडू तिकडचे द्राक्षबागाईतदार. त्यांचा मुलगा फ्रान्समध्ये तुलूझ येथे अभियंता आहे. तो सुटीवर आल्याचे कळताच आम्ही उभयता निघालो. इंदूर ते नाशिक हा सुमारे चारशे किलोमीटरांचा आग्रा रस्ता आपल्या मंडळींच्या पायांखालचा. खलघाटला नर्मदेस हात जोडावेत, सेंधव्यापुढे बिजासनीचा घाट उतरावा, धुळे-मालेगाव मागे टाकून चांदवडला होळकरांच्या रंगमहालाकडे आपलेपणाने पाहावे, की नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. निफाडची थंडी प्रसिद्धच. पारा फार उतरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांतून शेकोट्या पेटवितात. आम्ही पोचलो त्या रात्री साडूंच्या बागेतही दोन धुमसत होत्या.

जेवणापूर्वी भाच्याने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक कोर्बियेरची, दुसरी मिनेर्व्वाची. दोन्ही गावे नव्हेत, प्रदेश. भूमध्य समुद्र आणि पिरेनीज पर्वत यांच्या आसपासच्या लांगदॉक मुलखातले. किंमत प्रत्येकी पाच-सहा युरो. "काका, तिकडे ही रोजच्या जेवणातली वाइन. थोरामोठ्यांची नव्हे," तो म्हणाला.

पेला हलवून आधी वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा, असा विधी. पहिल्या पेल्याची चव प्रथम आंबट, मागाहून जांभळे खाल्ल्यावर जीभ आखडते तशी तुरट. गोडवा जवळजवळ नाहीच, कारण द्राक्षांतील साखर आंबताना मद्यार्कात पालटते. रंग आणि तुरटपणा ही दोन्ही सालीची देणगी. तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवितात, पांढरीसाठी तो आधी वेगळा करतात. षड्रसांतील कषाय रस शिकविताना आम्ही आजवर हरड्याचा दाखला देत आलो. त्यात आता भर पडली, पण ती वर्गात सांगण्याजोगी नाही. दुसऱ्या बाटलीस मिऱ्यांचा सूक्ष्म वास होता. आमच्या सौभाग्यवतींनी एक थेंब जिभेस लावून निकाल दिला, "आमसुलाचे सार दोन दिवस राहिल्यासारखे!"

"ह्या दुसरीत सिराह जास्त आहे," भाचा म्हणाला. "म्हणजे आपली शिराझ."

साडू आतापर्यंत कौतुकाने पाहत होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. पिण्याचा प्रश्नच नव्हता. शिराझचे नाव ऐकून त्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"मास्तर, हा वास माझ्या ओळखीचा आहे. त्या साली घड वेलीवरच आंबले होते."

ती हकिगत आम्ही तुटक ऐकली होती. 2000 साली राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली महाराष्ट्र शासनाने वाइनसाठी द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, आणि नाशिकच्या शेतकऱ्यांत उत्साह संचारला. साडूंनी 2006 साली दोन एकर शिराझ लावली. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मागणी ओसरली. ज्यांच्या भरवशावर लावली त्यांनी 2010 साली माल उचलला नाही. ही द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. खाण्याच्या बाजारात त्यांना कोण विचारणार? साडूंनी पदरच्या पैशाने बाग उपटली.

भाचा त्या वेळी शाळेत होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, तिकडेही उपटतात."

मग त्याने सांगितले ते असे. रेल्वे आल्यावर लांगदॉकची स्वस्त वाइन उत्तरेकडील कामगारांच्या पेल्यात पोचली. पुढे मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा फस्त केल्या. साडू आज डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतात, तसेच तिकडे अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या केल्या. पीक उदंड झाले, त्यात साखर घालून वाढविलेली बनावट वाइन आली, आणि भाव कोसळला. 1907 साली आर्जेलिए गावचा मार्सेलिन आल्बेर हा छोटा बागाईतदार उठला. 9 जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांवर माणसे जमली. नार्बोनला सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. एका पलटणीने बंड केले. महिनाअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. चाकण-नाशिककडील 1980 चे कांद्याचे आंदोलन आठवणाऱ्या साडूंना यातले काही समजावून सांगावे लागले नाही.

"आणि आता खप घटला म्हणून 2024 साली सरकारने बाग कायमची उपटणाऱ्यास हेक्टरी 4,000 युरो देऊ केले," भाचा म्हणाला.

साडूंनी दोन एकरांचा हिशेब मनातल्या मनात केला असावा. काही वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "ह्या बाटलीला द्राक्षे किती लागतात रे?"

"सव्वा किलोच्या आसपास."

"आणि बाटली पाच युरोला. त्यातच काच, बूच, गाडीभाडे, दुकानदार." ते उठले आणि शेकोटी सारखी करावयास बागेत गेले.

आम्ही पेल्यात उरलेली वाइन संपविली. चव तीच होती, पण मघाशी आम्ही "एवढी स्वस्त!" असे जे उद्गारलो होतो, ते मनात टोचत राहिले. स्वस्ताई हा घेणाऱ्याचा आनंद असतो. देणाऱ्याच्या बाजूने तिला काय म्हणावे, यासाठी मराठीचा पदवीधर असूनही आम्हांस शब्द सुचला नाही.

परतल्यावर आठवड्याने राजवाड्याच्या बाजारात द्राक्षांची हातगाडी दिसली. सौभाग्यवती भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी किलोभर द्राक्षे तोलून घेतली, सांगितले तेवढे पैसे मोजले, आणि आम्ही मुकाट्याने पिशवी धरली.