रंकाळ्याच्या काठी

करवीरनगरीत येणारा प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेऊन सायंकाळी रंकाळ्यावर जातो. तेथील संध्यामठ, शालिनी पॅलेस आणि सायंकाळचा वारा यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्ही तेथे पाहिलेला एक निराळा देखावा वाचकांपुढे ठेवतो.

गेल्या वैशाखात आम्ही तलावावरून गंगावेशीकडे परतत असता आमचा एक जुना विद्यार्थी सायकलीवरून झोकांड्या खात येताना दिसला. मागे कॅरिअरवर त्याची सात-आठ वर्षांची मुलगी दोन्ही मुठींत बापाचा सदरा घट्ट धरून बसली होती. आम्ही हँडल धरून त्यास उतरविले. तोंडास मद्याचा दर्प येत होता. "मास्तर, फटफटी घरी ठिवून आलोय न्हवं! सायकलीला कुठला आलाय कायदा?" असे तो म्हणाला.

घरी येऊन आम्ही कायदे चाळले, तो त्याचे म्हणणे निम्मे खरे निघाले. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु हे कलम मोटार वाहनापुरतेच आहे; पायांनी चालणारी सायकल त्यात येत नाही.

म्हणून सायकलस्वार मोकळा सुटला काय? नाही. भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास लागते. तेथे यंत्राची अट नाही. शिवाय सन १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे ८५ वे कलम रस्त्यावर मद्याच्या अमलाखाली स्वतःस सावरू न शकणाऱ्यास लागू होते, मग तो पायी असो वा सायकलीवर. जपानने तर नोव्हेंबर २०२४ पासून सायकलस्वारांसाठी हे निर्बंध अधिक कडक केले आहेत.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही हा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूस व्हा' असे ओरडून सांगितले, तर दंड नाही. मात्र सारथ्याच्या वैगुण्याने रथ भलतीकडे जाऊन हिंसा घडली, तर मालकास दोनशे पण दंड सांगितला आहे. सायकलीवर मालक आणि सारथी एकच असतो. तेव्हा दोष ढकलावयास दुसरा कोणी उरत नाही.

त्या सायंकाळी आम्ही सायकल हाताने ढकलीत दोघांस घरापर्यंत पोहोचविले. मुलगी पायी चालत होती, तरी तिने बापाचा सदरा सोडला नव्हता. फटफटी घरी ठेवली म्हणजे आपण निर्दोष झालो, असे आपल्या घरातील कोणा तरुणास वाटत असेल, तर त्यास वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे, 'बाबा रे, तुझ्या मागे कोण बसले आहे?'