घर पाठीवर, भार टायरवर

डेथ व्हॅली! नाव ऐकूनच घाम फुटावा अशी जागा. तिथे ट्रकच्या पाठीवर अख्खं घर चढवून जायचं असेल, तर हॉटेलची चौकशी नंतर. आधी टायरचं बोला!

अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्या मित्रांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास, गोल्डन गेट. ठरलेले पॉइण्ट्स, ठरलेल्या पोझेस. पण एखाद्या फोटोत मागे एक भन्नाट प्रकार उभा दिसतो. दणकट पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसवलेलं चिमुकलं घर. ड्रायव्हरच्या टपावर डबलबेड, मागे शेगडी, फ्रिज, बेसिन आणि दार उघडल्यावर समोर जे असेल ते तुमचं अंगण. याला म्हणतात ट्रक कॅम्पर.

माझी सनीवेलची मावसबहीण या प्रकाराच्या प्रेमात पडली. ताई आणि भाओजींनी आधी सेकंडहॅण्ड कॅम्पर घेतला, मग तो पेलायला सेकंडहॅण्ड ट्रक. मावशी आणि काका सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते, मीही सुट्टी काढून पोचलो होतो. फेब्रुवारीत डेथ व्हॅली करायची ठरलं. पाच माणसं, चार दिवस. आणि पहिले दोन आठवडे घरात चर्चा एकाच विषयावर... टायर!

ट्रेलर वेगळा, कॅम्पर वेगळा

मागे ओढायच्या ट्रेलरला स्वतःची चाकं असतात. त्याच्या वजनाचा मोठा वाटा तो स्वतःच उचलतो. कॅम्परला चाकंच नाहीत. तो खांद्यावर बसलेल्या पोरासारखा सगळा भार ट्रकवर टाकतो, आणि त्यातला बराचसा मागच्या दोन टायरवर. शिवाय घर उंच, त्यामुळे वळणावर गाडी झुलते. अशा वेळी मागचा टायर फुटला, तर रिकाम्या ट्रकसारखं त्याला सावरणं सोपं नसतं. गाडीत सत्तरीचे आईवडील असले की हे वाक्य नुसतं वाचून सोडून देता येत नाही.

ट्रकबरोबर आलेले टायर दिसायला एकदम हीरो होते. रुंद, काळेभोर, चिखलात खेळायला बनवलेल्या मोठ्या मोठ्या गट्ट्यांचे. सोसायटीतली पोरं वळून बघायची. पण टायरच्या कडेवर एक छोटा आकडा होता. ११४. हा लोड इंडेक्स. कोष्टकात ११४ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त १,१८० किलो. दोघांचे मिळून २,३६०.

मग आमचं वजन किती? घरात बसून कळणार नाही. कॅम्परच्या कागदावर असतं ते बहुतेक वेळा रिकाम्या घराचं वजन. त्यात पाणी भरा. तीस गॅलनची टाकी म्हणजे सुमारे ११३ किलो! गॅस सिलिंडर, जादा बॅटरी, कुकर, पोळपाट-लाटणं, मावशीचा लोणच्याचा डबा... आणि आपण सगळे.

काट्यावर चढलं घर

अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर मोठे वजनकाटे असतात. मोठमोठे ट्रक तिथे वजन करतात, पण थोडे डॉलर मोजून कुणीही आपली गाडी चढवू शकतं. पुढच्या आसाचं वजन वेगळं, मागच्याचं वेगळं, असा छापील कागद हातात मिळतो. आम्ही पाणी भरून, सामान लादून, पाचही जण बसून गेलो. मागच्या आसावर भरले २,७८० किलो.

म्हणजे त्या हीरो टायरवर ४२० किलोचा जादा बोजा! ट्रकच्या दारावरच्या स्टिकरनुसार त्या आसाची स्वतःची मर्यादा होती २,८१२. तिथेही आम्ही काठावरच होतो. काकांनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, ‘‘टायर बदलल्याशिवाय मी बसत नाही.’’

विषय संपला.

टायरची कुंडली

टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायला शिकावं लागतं. साइजच्या आधी ‘पी’ असेल तर तो प्रवासी गाडीचा टायर, ‘एलटी’ असेल तर हलक्या ट्रकचा. ‘पी’ टायर ट्रकला लावला तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं, असा नियम आहे. कॅम्परसाठी ‘एलटी’च हवा.

मग लोड रेंज. सी, डी, ई अशी चढती अक्षरं. ‘ई’ म्हणजे सहसा ८० पीएसआयपर्यंत हवा घेणारा टायर. आपले ट्रकवाले ज्याला टेन प्लाय म्हणतात, तोच हा. पूर्वी खरंच दहा थर असायचे. आता थर कमी आणि ताकद तेवढी, म्हणून ‘प्लाय रेटिंग’ म्हणायचं.

शेवटी जन्मतारीख. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्परवाल्यांना हे फार महत्त्वाचं, कारण त्यांची गाडी वर्षातले बरेच महिने उभी असते. नक्षी नवीकोरी दिसते आणि आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. सहा वर्षांनंतर टायर बदला, असं अनेक कारकंपन्या सांगतात. दहा वर्षं ही तर शेवटची हद्द मानतात.

हे सगळं किती गंभीर आहे, ते अमेरिकेला २००० साली कळलं. फायरस्टोन कंपनीने ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरचा वरचा थर धावता धावता सुटायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकेत २०० हून अधिक मृत्यू या टायरशी जोडले गेले. टायरचा दोष होताच, पण कमी हवा, उन्हाळा आणि वेग यांचीही खूप चर्चा झाली. त्याच वर्षी नवा कायदा आला आणि पुढे २००८ च्या मॉडेलपासून हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा हलक्या गाड्यांना सक्तीचा झाला. हा दिवा नेमून दिलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर पेटला तरी नियमात बसतं. पाठीवर घर असताना एवढी वाट बघायची नसते.

आपल्याकडे समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून टायर फुटण्यावर घरोघरी बोललं जातं. तिथेही गणित हेच. कमी हवा, जास्त भार, सतत वेग. तिघं मिळून टायर तापवतात. तापलेला टायर दगा देतो.

मग घेतला कोणता?

पर्याय तीन. पहिला हायवे टायर. शांत, इंधन कमी खाणारा, डांबरावर उत्तम. दुसरा ऑल टेरेन. थोडा आवाज करतो, पण खडीच्या रस्त्यावर कापला जाण्याची भीती कमी. तिसरा तोच चिखलवाला हीरो. डांबरावर घोंघावतो आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी.

ट्रकचे मूळ टायर १७ इंची, लोड इंडेक्स १२१. म्हणजे १,४५० किलोचा एक, जोडीचे २,९००. कागदावर पुरतात! पण उरतात फक्त १२० किलो, एका बाजूला साठ. आमच्या कॅम्परमध्ये फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आहेत. आसाचं वजन दोन टायरमध्ये समान वाटलं जाईल याची खात्री कोण देणार?

टायरवाल्याने १८ इंची रिम आणि २७५/६५ आर १८ साइजचा ‘एलटी’ टायर सुचवला. लोड इंडेक्स १२३, एकाला १,५५० किलो, जोडीचे ३,१००. शिल्लक ३२० किलो. रिमचीही भार पेलण्याची मर्यादा असते, ती भाओजींनी आवर्जून तपासली. खर्च रिमसकट अडीच हजार डॉलरच्या घरात गेला. ताईने वर्षभराची दुसरी ट्रिप रद्द केली. नक्षी घेतली ऑल टेरेन, पण सौम्य, आणि स्टेपनीसुद्धा त्याच साइजची.

एक गोष्ट मात्र भाओजींनी सगळ्यांना बजावली. टायरची ताकद वाढली म्हणून सामान वाढवायचं नाही. आस तोच आहे, २,८१२ वाला! टाकी अर्धीच भरायची, पाणी मुक्कामाच्या ठिकाणी घ्यायचं.

आणि मग ती दरी

हायवे १९० ने पश्चिमेकडून शिरलात की टाउन पास हा १,५११ मीटरचा घाट लागतो. तिथून रस्ता जो उतरतो तो थेट समुद्रसपाटीला, स्टोव्हपाइप वेल्सला. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. आपल्या घाटातले ड्रायव्हर सांगतात तेच. नवे टायर या उतारावर अजिबात डोलले नाहीत. मावशी तर चक्क झोपली होती.

पुढे बॅडवॉटर. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली! मागच्या कड्यावर उंचावर ‘समुद्रसपाटी’ अशी पाटी लावली आहे. मान वर करून ती शोधायची आणि आपण किती खोलात उभे आहोत ते समजून घ्यायचं. पांढरंशुभ्र मीठ, निळे डोंगर आणि कानात शिट्टी वाजावी इतकी शांतता.

इथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. १५ जुलै १९७२ रोजी तर जमिनीचं तापमान ९४ अंशांवर गेलं होतं. म्हणूनच कॅम्परवाले इथे हिवाळ्यात येतात. पण हिवाळ्यातही पहाट आणि दुपार यांत मोठा फरक. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की टायरमधली हवा साधारण दोन टक्क्यांनी बदलते. भाओजी रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, गेज घेऊन चार चाकांना प्रदक्षिणा घालायचे. चहा त्यानंतर.

शेवटचा मोह होता रेसट्रॅकचा. सुकलेल्या तळ्यावर दगड आपोआप सरकतात आणि मागे रेघा सोडतात, ती जागा. रात्री गोठलेल्या पातळ बर्फाचे तुकडे वाऱ्याने ढकलले जातात आणि दगडांना सरकवतात, हे २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पण तिकडचा ४३ किलोमीटरचा रस्ता अणकुचीदार दगडांचा, मोबाइलला रेंज नाही आणि टायर फाटणं ही तिथली नेहमीची बाब. पार्कवाले स्वतःच तसं बजावतात.

नवे टायर, भरलेला खिसा रिकामा झालेला, मनात खुमखुमी. मी म्हटलं, जाऊ या की! भाओजींनी काट्याचा तो छापील कागद खिशातून काढला आणि माझ्या हातात दिला. आम्ही घर फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर मावशी-काकांपाशी उभं केलं आणि तिथेच भाड्याने मिळणारी जीप घेतली. तीन तरुण, एक जीप, दोन हाडं खिळखिळी करणारे तास. आणि समोर ते दगड. तळ्यावर गाडी न्यायला सक्त मनाई आहे, कारण ओल्या मातीत उमटलेला टायरचा ठसा वर्षानुवर्षं जात नाही. रात्री परतलो तेव्हा काकांनी खिचडी टाकली होती.

जाण्याआधी एवढं बघाच

• वजन अंदाजाने नको. पूर्ण लादलेली गाडी काट्यावर न्या.
• लोड इंडेक्स आसावरच्या वजनाशी ताडून पाहा, वर शिल्लक ठेवा.
• हवा थंड टायरमध्ये मोजा. साइज बदलली असेल तर टायर कंपनीचा तक्ता पाहा.
• स्टेपनी त्याच साइजची आणि जॅक त्या वजनाला पुरणारा हवा.
• डेथ व्हॅलीला नोव्हेंबर ते मार्च. पाणी आणि पेट्रोल भरपूर ठेवा.

अमेरिका लांब असेल तर राहू द्या. आज ऑफिसातून निघताना पार्किंगमध्ये जरा वाका आणि आपल्या गाडीच्या टायरवरचे ते चार आकडे शोधा. कदाचित आतल्या बाजूला असतील. लोणावळ्याचा बेत त्यानंतर ठरवा!