टायरवरचे चार आकडे



३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला बेळगावहून आमची तरुण मंडळी मोटारसायकलींवर जुन्या गोव्याला जातात. वाटेत चोर्ला घाटाची वळणे. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही स्वयंसेवक प्रत्येक गाडीचे टायर पाहतो.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. यंदा एका तरुणाच्या गाडीवर हेच आकडे निघाले. नक्षी अजून खोल होती, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या होत्या. मागे बहीण बसणार होती. "देव सांभाळील," तो म्हणाला. नव्या टायरला पैसे नव्हते, हे आम्ही ओळखले.

मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले, तेव्हा प्रभू येशूने नकार दिला. पित्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, म्हणूनच त्याने पित्याची परीक्षा पाहिली नाही.

आम्ही वर्गणी काढली, दोन्ही टायर बदलले. देवाने त्या भावंडांना सांभाळायला आमचेच हात वापरले, असे आम्हांला वाटते.

प्रवासाच्या प्रार्थनेआधी आपणही टायरवरून एकदा हात फिरवू या. आपल्या आणि शेजाऱ्याच्याही.