कच्चं काम

छापून आलेल्या शोधनिबंधात धडपड दिसत नाही. पहिल्या समीकरणातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, सत्य असंच शिस्तीत चालत आलं असेल. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनच्या सुरुवातीच्या हस्तलिखित टिपणांचं मला फार अप्रूप आहे. पुंज विद्युतगतिकी, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यातल्या देवघेवीचं शास्त्र, त्या कागदांवर अजून घडायचं आहे.

1945 साली फाइनमन लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पातून कॉर्नेल विद्यापीठात आला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याची पत्नी आर्लीन क्षयाने गेली होती. पुढच्या वर्षी वडीलही गेले. आपल्यातला झरा आटला, असं त्याला वाटू लागलं. तरी कागद भरत राहिले. चाळीसच्या दशकातल्या या टिपणांत त्याने इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणारं, भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकचं समीकरण आपल्या रीतीने समजून घ्यायला घेतलं. त्यासाठी इलेक्ट्रॉनला एका सरळ रेघेवर आणून सोडलं. जायचं ते डावीकडे किंवा उजवीकडे, आणि नेहमी प्रकाशाच्याच वेगाने. काळ उभा मांडला, अंतर आडवं मांडलं, की त्याची वाट बुद्धिबळातल्या उंटासारखी तिरकी होते. मध्येच वळते, पुन्हा तिरकी. दर वळणाला एक ठरलेला गुणक; त्यात इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि उणे एकचं वर्गमूळ. मग इथून तिथवरच्या साऱ्या वाटा घ्यायच्या, प्रत्येकीची वळणं मोजायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि पटाची घरं बारीक बारीक करत न्यायची. त्या बेरजेतून एका मितीतलं डिरॅकचं समीकरण उभं राहतं! वळणं मोजता मोजता निसर्गाचा एक नियम हाती येतो, याचा आनंद मला आजही नवा वाटतो.

पण आपलं जग तीन मितींचं, आणि तिथे ही युक्ती तितक्या सहजपणे चालेना. ती छापली गेली 1965 साली, हिब्जबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात, तीही सोडवायला दिलेलं एक उदाहरण म्हणून.

त्याच्या मूळ स्वप्नाचंही असंच झालं. इलेक्ट्रॉन स्वतःवर परिणाम करतो असं धरलं, की उत्तर अनंत येतं. विद्यार्थी फाइनमनला वाटलं, तो फक्त दुसऱ्यांवरच परिणाम करतो असं मानून पाहू. प्रिन्स्टनला आपला मार्गदर्शक जॉन व्हीलर याच्याबरोबर त्याने ही कल्पना वाढवली. तिला नेहमीची पुंजयामिकी पुरेना, म्हणून डिरॅकच्या 1933 च्या एका लेखाचा धागा धरून त्याने सर्व वाटांच्या बेरजेची पद्धत घडवली. 1942 चा त्याचा प्रबंध तोच. पुढे 1947 मध्ये लॅम आणि रेदरफोर्ड यांनी हायड्रोजनच्या, एकच मानल्या गेलेल्या दोन ऊर्जापातळ्यांत सुमारे 1000 मेगाहर्ट्झचा फरक मोजला. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने आगगाडीत बसून त्याचं गणित केलं, ते इलेक्ट्रॉनचा स्वतःवरचा परिणाम धरूनच. लाडकी कल्पना कोसळली. तिच्यासाठी घडवलेली अवजारं मात्र उरली, आणि त्यांतूनच 1949 चे निबंध आणि प्रकाश-इलेक्ट्रॉनची देवघेव रेघांनी दाखवणाऱ्या त्या प्रसिद्ध फाइनमन आकृत्या आल्या.

1965 साली तोमोनागा आणि श्विंगर यांच्याबरोबर नोबेल घेताना फाइनमनने व्याख्यानात आडवाटांसकट हीच कथा सांगितली. शोधनिबंधांत आपण मागच्या पाऊलखुणा पुसून टाकतो, हेही तो बोलला. पुढे एका इतिहासकाराने त्याच्या टिपणांना कामाची नोंद म्हटलं, तेव्हा त्याने हरकत घेतली: काम डोक्यात होऊन मग कागदावर उतरत नाही, ते कागदावरच होतं.

म्हणून पदार्थविज्ञान शिकवताना त्या आकृत्या जरूर शिकवाव्यात, पण आधी या तिरक्या वाटांची पानं मुलांसमोर ठेवावीत. तीन मितींत अडलेलं गणितही माणसाला पुढे नेतं, हे त्यांना कळलं, तर ती आपलं अडलेलं पान फाडून टाकणार नाहीत.