न काढलेला बार

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी नवी रायफल आली. खोकं अजून उघडलंही नव्हतं, तोच अम्मीनं विचारलं, "घरात लहान मुलं आहेत. ही ठेवणार कुठे?"

आम्ही राहतो नागपूर शहरात, पण आमची आठ एकर शेती उमरेडकडे आहे. तूर आणि हरभरा घेतो. जंगल जवळ असल्यानं रानडुकरांचा त्रास कायमचा. कळप एकदा शेतात शिरला की खातो थोडं आणि उकरून टाकतो जास्त. अब्बांकडे जुनी बारा बोरची दुनळी होती. तिच्या नळ्या आतून झिजल्या होत्या. परवानाधारकाचं वय सत्तर झालं की वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, अशी तरतूद 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. त्याप्रमाणे परवाना माझ्या नावावर झाला. दुनळी रीतसर विकली आणि 315 बोरची बोल्ट असलेली रायफल घेतली.

ओळखीचे लोक लगेच विचारू लागले, "काय भाई, शिकारीला कधी न्यायचं?" प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली आहे. रायफल कितीही चांगली असो, शौक म्हणून हरणावर, सशावर ती रोखणं हा गुन्हा आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरापुरती वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती आम्ही काढली होती. डुक्कर आपल्या खाण्यातलं जनावर नाही, त्यामुळे दस्तरखानाचा मोह तिथे नव्हताच. प्रश्न फक्त पिकाचा होता.

अब्बांनी तरुणपणी, कायदा येण्याआधी, आपल्या मामूंबरोबर शिकार पाहिली होती. आता त्यांची नजर अधू झाली आहे, पण हाताला सगळं आठवतं. अंगणात चादर अंथरून आम्ही दोघं बसलो. त्यांनी पहिल्यांदा बोल्ट मागे ओढायला लावला आणि म्हणाले, "आत बोट घालून बघ. रिकामी आहे असं नुसत्या डोळ्यानं ठरवायचं नाही."

ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. तिचा बोल्ट दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या ली-एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातला. त्या रायफलीचं 303 काडतूस फौजेचं, सामान्य नागरिकाला ते ठेवता येत नाही. म्हणून नागरिकांसाठी 315, म्हणजे आठ मिलिमीटरचं काडतूस आलं. आमची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीची आहेत. मॅगझिनमध्ये पाच बसतात.

आधी बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक कागदांशी ताडून पाहिला. मग नळीतलं तेल काढलं. कापडाचा तुकडा कोरडा बाहेर येईपर्यंत गज फिरवला, कारण नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते. लाकडी दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का पाहिलं. रिकाम्या रायफलीचा बोल्ट पन्नासेक वेळा मागेपुढे केला, तेव्हा कुठे तो हाताला सरावला. खटका लावून चाप ओढून पाहिला. तो हलला नाही, तेव्हा अब्बांनी मान डोलावली.

नेम जुळवायला परवाना असलेल्या रेंजवर गेलो. शेतात पत्र्याच्या डब्यावर बार काढून पाहणं सोपं असतं, पण ते बरोबर नाही. पन्नास मीटरवर कागद लावला. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, तीही नळी नव्हे, पुढचं लाकूड. बिस्मिल्लाह म्हणून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही मुठीएवढ्या जागेत पडल्या, पण मध्यापासून दहा सेंटीमीटर डावीकडे. माझा चेहरा पडला. अब्बा मात्र खूश. म्हणाले, "तिन्ही एका जागी आहेत ना? मग रायफल खरी आहे. जागा चुकली तर माशी सरकवता येते. गोळ्या विखुरल्या असत्या तर काळजी होती."

पुढच्या माशीचा नियम थोडा उलटा वाटतो. गोळी ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला माशी सरकवायची. किती, त्याचाही हिशेब आहे. मागची खाच आणि माशी यांत अर्धा मीटर अंतर धरलं, तर पन्नास मीटरवरचे दहा सेंटीमीटर म्हणजे माशीवर फक्त एक मिलिमीटर. रेंजवरच्या उस्तादांनी हलक्या हातानं ठोकून तेवढी सरकवली. नळी थंड होऊ दिली आणि पुन्हा तीन गोळ्या झाडल्या. या वेळी त्या मध्यावर पडल्या. घरी आलो तेव्हा खांदा दुखत होता, पण मन भरलं होतं. इथे एक मिलिमीटर चुकलं तर तिथे दहा सेंटीमीटर चुकतं, हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

जानेवारीत एका रात्री इशानंतर शेतावर गेलो. शेत बटईनं करणारे काकाजी टॉर्च घेऊन सोबत होते. मचाण उत्तरेला बांधलं होतं. वरून झाडलेला बार जमिनीत जातो, म्हणून. पण त्या रात्री कळप दक्षिणेकडून आला. आम्ही धुऱ्यानं हळूहळू पुढे गेलो. साठेक पावलांवर सात-आठ डुकरं हरभऱ्यात तोंड खुपसून होती. काकाजींनी टॉर्च मारला. एक मोठा नर आडवा उभा होता. माशी त्याच्या खांद्यामागे बसली, खटका काढला.

तेवढ्यात त्याच्या मागे, दूर, दोन दिवे दिसले. वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्या. मधे ना टेकडी, ना उंच बांध. नुसतं सपाट रान. या रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. ती डुकराच्या अंगात थांबेल, याची हमी कोण देणार? मी खटका परत लावला. कळप उधळला, आणि आम्ही गेल्यावर पुन्हा आला.

"भाऊ, बार काहून नाही काढला?" काकाजींनी विचारलं. सकाळी पाहिलं तर अर्धा एकर हरभरा उलथलेला. मोठे भाईजान फोनवर म्हणाले, "मग एवढे पैसे घालून ती घेतली कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. भाईजानपेक्षा काकाजींचा प्रश्न जास्त टोचला. पिकात त्यांचा निम्मा वाटा. सावधगिरी माझी, नुकसान त्यांचंही. वनखात्याकडे भरपाईचा अर्ज केला, पंचनामा झाला. पण ते पैसे येईपर्यंत त्यांनी काय करायचं? त्या अर्ध्या एकराचा त्यांचा वाटा मी माझ्या हिश्शातून दिला. ते नको म्हणत होते, मग घेतला.

अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मागे काय होतं?"

"वस्ती."

त्यांनी मान हलवली आणि वुजूला उठले.

काडतुसाला काडतूस, मॅगझिनला मॅगझिन, नेमाला नेम, रायफल सगळ्या परीक्षांत उतरली. पण आमचं सपाट शेत तिच्या कामाचं नाही, हे मी कागदावर गोळ्या मोजताना पाहिलंच नव्हतं. यंदा शेताला सौर झटका मशीन बसवलं आहे. तारेत गवत अडकलं की झटका कमी होतो, म्हणून आठवड्याला धुरा साफ करावा लागतो. डुकरं अजून येतात, पण पूर्वीएवढी नाही.

रायफल भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात आहे. बोल्ट काढून वेगळा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. निवडणुकीत पोलिसांनी सांगितलं की जमा करायची. महिन्यातून एकदा अंगणात चादर पसरतो आणि आत बोट घालून पाहतो. रेंजवर वापरलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा हिशेब वहीत आहे. शेतावरच्या रकान्यात अजून शून्य आहे. दोन्ही किल्ल्या अम्मीकडे असतात.