समितीतले दोन छोटे सदस्य

शाळा व्यवस्थापन समिती नेमकं काय करते, हे माझी तिच्यावर निवड होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पालकसभेत कुणीतरी माझं नाव सुचवलं, दुसऱ्या कुणी अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या आणि सोमाटणे फाट्याच्या परिसरातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीत मी जाऊन बसले. पहिल्या बैठकीत यू-डायस, शाळा विकास आराखडा, कार्योत्तर मंजुरी असलं काय काय कानावर पडत होतं. केंद्रप्रमुखांकडे काय न्यायचं, वडगावला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे काय मागायचं आणि थेट पुण्याला जिल्हा परिषदेत काय जातं, याचा काही पत्ता लागेना. संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं, शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला 50,000 रुपये, हे तेवढं कळलं, कारण तो आकडा घरखर्चाच्या भाषेतला होता.

दाराजवळच्या बाकावर दोन मुलं बसली होती. एक सातवीतली मुलगी, एक सहावीतला मुलगा. ती का थांबलीत ते कळत नव्हतं. हजेरीची वही फिरत तिकडे गेली तेव्हा त्या दोघांनीही सही केली. शेजारच्या ताई हळूच म्हणाल्या, "सदस्य आहेत ती. नियमच आहे तसा."

घरी आल्यावर मी तो नियम शोधून वाचला. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, हे त्या कायद्यात आहे. विद्यार्थ्यांचा उल्लेख त्यात नाही. तो महाराष्ट्राने 2010 च्या शासन निर्णयात केला: दोन विद्यार्थी, त्यात किमान एक मुलगी. म्हणजे ज्यांच्यासाठी शाळा चालते त्यांना बैठकीत बसायची जागा आपल्या राज्याने कागदावर केव्हाच दिली आहे. मला याचा मनापासून आनंद झाला, आणि लगेच प्रश्नही पडला. त्या दिवशी तासभर चर्चा झाली, पण त्या दोघांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत विषय होता प्रवेशद्वाराचा. तळेगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी मिळाला तर कमान बांधायची, रंग कोणता, नाव केवढ्या अक्षरात, यावर सगळे रंगून बोलत होते. मी नवी, मला यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून मी मुख्याध्यापक सरांना म्हटलं, "या मुलांना विचारू या का?" सर लगेच हो म्हणाले. मुलगी उभी राहिली. आधी नुसतीच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने वहीचं मधलं पान काढलं. प्रत्येक वर्गात जाऊन तिने विचारून आणलं होतं, आणि पेन्सिलीने शाळेचा नकाशा काढला होता. त्यात पुढचं फाटक, त्याला लागून रस्ता, आणि मागच्या बाजूला कायम कुलूप असलेलं लहान दार.

ती म्हणाली, "काकू, शाळा सुटते तेव्हाच कंपनीच्या बसगाड्या येतात. पहिली-दुसरीची पोरं पळत थेट रस्त्यावर जातात. आम्ही मोठ्या मुली हात आडवे धरून उभ्या राहतो. लहानांना मागच्या दाराने सोडलं तर?"

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी पोरांना सोडायला आणि न्यायला येताना ते फाटक रोज पाहिलं होतं. पण आम्ही रस्त्याच्या बाजूने पाहत होतो, तिने आतून पाहिलं होतं. मुलाने एकच गोष्ट सांगितली: खिचडीच्या रांगेत वरचे वर्ग आधी लागतात आणि पहिलीपर्यंत ताट येईस्तोवर भात गार होतो. दोन्ही गोष्टींना पैसा लागत नव्हता. मागच्या दाराची किल्ली शिपाईकाकांकडे होतीच. दुसऱ्या दिवसापासून लहान वर्ग तिथून सुटू लागले आणि रांग खालच्या वर्गापासून लागू लागली. कमानीचं अजून चाललंच आहे.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं 12 वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. भारताने ती संहिता 1992 मध्ये मान्य केली. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं, गावातली शाळा बंद झाली म्हणून, शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरं तुम्ही घ्या, आम्हाला शेळ्या द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ती बातमी वाचून पोटात कालवलं. शाळा बंद करण्याचा कागद तयार होताना त्यातल्या एकाही मुलाला कुणी विचारलं असेल का? पोरांना म्हणणं ऐकवायला मोर्चा काढावा लागतो, ही आपल्या सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे.

माझ्या मते नियमातल्या दोन जागा पुरेशा नाहीत, पण निदान त्या तरी खऱ्या हव्यात. बैठक मुलांच्या वेळेत असावी. त्यांचा विषय सगळ्यांत आधी घ्यावा, कारण अनुदानाचे हिशेब सुरू झाले की ती कंटाळतात आणि मोठ्यांपुढे तोंड उघडत नाहीत. त्यांनी सांगितलेलं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत उतरावं. आणि ती दोन मुलं हुशार म्हणून शिक्षकांनी नेमलेली नसावीत, वर्गांनी निवडलेली असावीत. आमच्याकडे यंदा चिठ्ठ्या टाकून निवड करायचं ठरलं आहे, मुलींनीच तसा आग्रह धरला.

समितीचं कामकाज मला अजून पुरतं उमगलेलं नाही. शाळा विकास आराखड्याचे रकाने भरताना आजही दुसऱ्याच्या कागदावर नजर जाते. पण तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत असेल, तर पुढच्या पालकसभेत एवढं नक्की विचारा: आपल्या समितीतले दोन विद्यार्थी कोण, त्यांना कुणी निवडलं, आणि मागच्या बैठकीत ते काय बोलले?